आपल्या फँटसी फुटबॉल लीगचा २०२४-२५ चा निकाल आणि त्यावरून झालेली भांडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीझन २५ मे २०२५ ला संपला, तरी फोन थांबलेले नाहीत. लातूरच्या बसस्टँडवर भेटलेला माणूससुद्धा चहाच्या आधी "ट्रिपल कॅप्टनचं ते काय झालतं?" असं विचारतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. कुणाचं नाव घातलेलं नाही. टीमची नावंही नाहीत, कारण त्यातली निम्मी घरच्यांसमोर वाचण्यासारखी नाहीत. कुणाचे एकूण किती पॉइंट झाले ते ॲपवर आहेच. ते तसे का झाले, एवढंच इथे सांगतो.

ही लीग नक्की कशाची?

फँटसी प्रीमियर लीगची. इंग्लंडातल्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या खऱ्या मॅचवर चालणारा हा फुकटचा खेळ आहे आणि जगभरातले एक कोटीहून जास्त लोक तो खेळतात. त्यात कुणालाही आपली खासगी लीग काढता येते. आपली लीग लातूर, नांदेड, परभणी, उदगीर, औसा आणि वाळूजच्या एमआयडीसीतल्या लोकांची आहे. विसाच्या आसपास टीम आहेत. नात्यातले निम्मे, उरलेले नात्यासारखेच.

१०० मिलियनच्या खोट्या बजेटमध्ये १५ खेळाडू घ्यायचे: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. एका क्लबचे तिघांपेक्षा जास्त नाहीत. आठवडे ३८. खऱ्या मॅचमध्ये आपल्या खेळाडूनं गोल किंवा असिस्ट (गोलसाठीचा पास) केला की पॉइंट मिळतात, कॅप्टनचे दुप्पट.

पहिलं कोण आलं?

उदगीर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मॅडम. दुसरे आमचे नांदेडचे दाजी, ज्यांचं औषधाचं दुकान आहे. तिसरा परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा भाचा.

मॅडम फुटबॉल बघत नाहीत असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. रात्री एक वाजताची मॅच त्या बघत नाहीत, सकाळी सातला शाळा असते. पण त्या काहीच बघत नाहीत ही अफवा दाजींनी उठवलेली आहे.

मॅडमनी केलं ते सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिव्हरपूलच्या मोहम्मद सालाहला १२.५ मिलियनला घेतलं, कॅप्टनची पट्टी बांधली आणि ती काढली नाही. १७ ऑगस्ट २०२४ ला लिव्हरपूल इप्सविचमध्ये २-० नं जिंकलं, सालाहचा एक गोल आणि एक असिस्ट. इथवर सगळे खूश. पुढे मँचेस्टर सिटीच्या हालांडनं दोन आठवड्यांत दोन हॅटट्रिक मारल्या, तेव्हा ग्रुपवर मॅडमना दिवसाला दहा सल्ले येत होते. त्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पेरलंय ते रोज उकरून बघायचं नसतं."

सालाहनं सीझनभरात २९ गोल आणि १८ असिस्ट केले. सर्वाधिक गोलचा गोल्डन बूट त्याला, सर्वाधिक असिस्टचा मानही त्यालाच. फँटसीत त्याचे ३४४ पॉइंट झाले. एका सीझनमध्ये इतके पॉइंट याआधी कुणाचेच नव्हते. जुना विक्रम ३०३ चा होता, तोही २०१७-१८ मधला सालाहचाच. आता हिशोब करा: प्रत्येक आठवड्यात कॅप्टन, म्हणजे ३४४ चे झाले ६८८. त्यात २४व्या आठवड्यात ट्रिपल कॅप्टन, म्हणजे आणखी २९. एका माणसाकडून ७१७. बाकीचे चौदा जण चुलीसमोर बसून होते म्हणा ना.

ट्रिपल कॅप्टनचं ते प्रकरण एकदा नीट सांगा.

ट्रिपल कॅप्टन ही चिप, म्हणजे मोजक्याच वेळा वापरता येणारी खास सवलत. ती लावली की त्या आठवड्यात कॅप्टनचे पॉइंट दुपटीऐवजी तिप्पट होतात. ती तेव्हा सीझनमध्ये एकदाच मिळायची. त्यामुळे ज्या आठवड्यात आपला खेळाडू दोन मॅच खेळतो तो आठवडा शोधायचा.

७ डिसेंबरला एव्हर्टन-लिव्हरपूल मॅच वादळामुळे रद्द झाली. ती पुढे ढकलून १२ फेब्रुवारीला घेतली आणि २४व्या आठवड्यात धरली. म्हणजे लिव्हरपूलच्या दोन मॅच: १ फेब्रुवारीला बोर्नमथशी, १२ ला एव्हर्टनशी.

१ फेब्रुवारी हा बजेटचा दिवस होता. दाजी दिवसभर टीव्हीवर इन्कम टॅक्सचे आकडे बघत बसले. १२ लाखांची गोष्ट ऐकून खुशीत दुकानात गेले आणि चिप राखून ठेवली. म्हणाले, "एव्हर्टनच्या मैदानावर काय होईल सांगता येत नाही, पुढे अजून चांगला आठवडा येईल." त्याच रात्री सालाहनं बोर्नमथला दोन गोल मारले. एव्हर्टनशी मॅच २-२ झाली, त्यात सालाहचा एक गोल आणि एक असिस्ट. दोन्ही मिळून २९ पॉइंट. मॅडमना ८७, दाजींना ५८.

आणि तो चांगला आठवडा? तो आलाच नाही. पुढे दाजींनी ती चिप कुठे खर्च केली ते त्यांना विचारू नका. मी विचारलं होतं, दिवाळीला फराळाचा डबा आला नाही.

मग दाजी शेवटच्या दिवसापर्यंत शर्यतीत कसे राहिले?

कारण बाकी टीम त्यांनी मॅडमपेक्षा चांगली बांधली होती, हे कबूल करायला हवं. न्यूकॅसलचा इसाक त्यांनी ८.५ ला सुरुवातीपासून ठेवला. त्यानं २३ गोल आणि २११ पॉइंट दिले. एप्रिलमध्ये न्यूकॅसलनं एकाच आठवड्यात दोन मॅच खेळून मँचेस्टर युनायटेडला ४-१ आणि क्रिस्टल पॅलेसला ५-० हरवलं. त्या आठवड्यात दाजींची तीन-तीन न्यूकॅसलवाल्यांवर भिस्त होती. अंतर इतकं कमी झालं की दाजींनी आंब्याच्या पेटीची (दंडाचा आंबा, तो पुढे येतो) ऑर्डरसुद्धा दुसऱ्याच्या नावानं देऊन टाकली.

२५ मे ला दहाही मॅच एकाच वेळी, आपल्याकडे रात्री साडेआठला. अंतर भरून काढायला दाजींना काहीतरी वेगळं करणं भाग होतं. त्यांनी सालाहऐवजी न्यूकॅसलचा खेळाडू कॅप्टन केला. न्यूकॅसल घरच्या मैदानावर एव्हर्टनकडून ०-१ नं हरलं. तिकडे लिव्हरपूल पॅलेसविरुद्ध मागे होतं आणि दाजी ग्रुपवर हसणारे चेहरे टाकत होते. ८४व्या मिनिटाला सालाहनं बरोबरीचा गोल मारला. त्यानंतर दाजींच्या नावापुढे "ऑनलाइन" दिसलं नाही.

सालाह तर सगळ्यांकडेच होता. मग फरक कशानं पडला?

बरोबर विचारलंत. सालाह असणं पुरेसं नव्हतं, त्याच्यासोबत कोण होतं ते महत्त्वाचं होतं. सालाह १२.५ आणि हालांड १५ घेतला की २७.५ उडाले. राहिलेल्या तेरा जणांसाठी ७२.५, म्हणजे सरासरी साडेपाचच्या थोडं वर. एवढ्यात टीम जेमतेम उभी राहते, बेंचवर पोतं ठेवल्यासारखे खेळाडू.

ज्यांनी हालांड सोडला त्यांच्यापुढे दोन नावं होती: ब्रेंटफर्डचा एम्ब्यूमो ७ ला आणि नॉटिंगहम फॉरेस्टचा ख्रिस वूड ६ ला. दोघांनी प्रत्येकी २० गोल मारले. एम्ब्यूमोचे २३६ पॉइंट, वूडचे २००. दोघांची मिळून किंमत १३, हालांडच्या एकट्याची १५. हालांडचे गोल २२.

'लाकूड' हे काय प्रकरण?

वूड म्हणजे लाकूड. भाच्यानं तिशी उलटलेला न्यूझीलंडचा फॉरवर्ड घेतला म्हणून ग्रुपवर त्याला रोज छळलं जायचं. "लाकूड वाळलं का?" "चुलीत घालायला आणलंस का?" "असलं खोड कशाला घ्यायलास?" असले मेसेज. भाच्यानं सांगितलं की पैसे तेवढेच उरलेत म्हणून घेतलंय. त्यात काही अक्कलहुशारी नव्हती, हे तो आजही मान्य करतो.

फॉरेस्ट त्या वर्षी सातव्या नंबरवर आलं. १ फेब्रुवारीला, म्हणजे त्याच बजेटच्या दिवशी, फॉरेस्टनं ब्रायटनला ७-० नं धुतलं आणि वूडची हॅटट्रिक झाली. भाच्यानं ग्रुपवर एकच फोटो टाकला: आजीच्या चुलीसमोर रचलेल्या तुऱ्हाट्या. खाली एक अक्षर नाही.

हालांडवाल्यांचं काय झालं?

पोळ्याच्या तोंडावर तेच पुढे होते. पहिल्या पाच मॅचमध्ये १० गोल, त्यात इप्सविच आणि वेस्ट हॅमविरुद्ध लागोपाठ हॅटट्रिक. औशाच्या अप्पांनी तर तेव्हाच निकाल जाहीर करून टाकला होता. मग सप्टेंबरमध्ये हालांडच्याच क्लबमधल्या रॉड्रीचा गुडघा गेला आणि नोव्हेंबरपासून मँचेस्टर सिटी लीगमध्ये ओळीनं चार मॅच हरली: बोर्नमथ, ब्रायटन, टॉटनहॅम, लिव्हरपूल. टॉटनहॅमनं तर त्यांच्या घरात ४-० केलं.

अप्पांची गोष्ट वेगळीच आहे. त्यांना शेतीपंपाची लाईट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी देताना बांधावर बसून मोबाईलवर मॅच. हालांडला विकायचं की नाही हा विचार त्यांनी कडाक्याच्या थंडीत तीन रात्री केला. चौथ्या रात्री विकला. आणि लगेच परत घेतला, कारण "मोटार बंद पडली तरी विहीर विकत नाहीत." अप्पा सहावे आले. हरभरा चांगला झाला.

पामर ज्याच्याकडे शेवटपर्यंत होता तो बारावीचा पोरगा कोण?

माझा पुतण्या. नीटची तयारी करायला लातूरला खोली घेऊन राहिला होता. जानेवारीत त्याच्या आईनं मोबाईल कपाटात ठेवला, त्यामुळे टीम जशी होती तशीच राहिली. त्यात चेल्सीचा कोल पामर, ज्यानं सप्टेंबरमध्ये ब्रायटनविरुद्ध पहिल्याच हाफमध्ये चार गोल मारून २५ पॉइंट दिले होते. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या हाफमध्ये चार गोल तोवर कुणीच मारले नव्हते. त्या जोरावर पोरगा तेव्हा दुसऱ्या नंबरवर होता.

पण जानेवारीच्या मध्यापासून पामरचे गोल आटले. शहाण्यासुरत्यांनी त्याला विकला. पुतण्याला विकायची सोयच नव्हती. ४ मे ला त्याची नीट झाली, दुपारी दोन ते पाच. संध्याकाळी मोबाईल परत मिळाला. रात्री नऊला चेल्सी-लिव्हरपूल, आणि मॅच संपता संपता पामरनं पेनल्टीवर गोल केला, साडेतीन महिन्यांनंतरचा लीगमधला पहिला. पोरगा खोलीत एवढा ओरडला की घरमालकाला वाटलं पेपर अवघड गेला.

डेडलाइन (टीम बदलायची शेवटची वेळ) भारतीय वेळेनं कधी?

आठवड्याची पहिली मॅच सुरू होण्याआधी ९० मिनिटं. पण इंग्लंडची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणून:

पहिली मॅच शनिवारी दुपारची असेल तर उन्हाळ्याच्या वेळेत आपल्याकडे दुपारी साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. शुक्रवारी रात्रीची असेल तर उन्हाळ्यात रात्री अकरा, हिवाळ्यात बारा. मंगळवार-बुधवारच्या आठवड्यांना वेगळी वेळ असते, ती ॲपवर बघायची. ॲप तुमच्या मोबाईलच्या वेळेनंच दाखवतं. तरीही लोक चुकतात.

१ एप्रिलला माझी डेडलाइन चुकली. पॉइंट परत मिळतील का?

नाही. वाळूजच्या मित्राला हे उत्तर मी तोंडी चार वेळा दिलंय, आता लेखी देतो.

३० मार्चला घड्याळं बदलली. १ एप्रिलला मंगळवारची मॅच, डेडलाइन आपल्याकडे पावणेअकराला. हा सेकंड शिफ्टवरून येऊन, हातपाय धुऊन, अकराला मोबाईल उघडतो, कारण हिवाळ्याच्या हिशोबानं अजून पाऊण तास हातात होता. त्याला आर्सेनलचा साका घ्यायचा होता. डिसेंबरपासून जखमी असलेला साका त्याच रात्री बदली म्हणून उतरला आणि फुलहॅमविरुद्ध गोल मारला. आम्ही एप्रिल फूल म्हटलं, ते त्याला अजून लागलेलं आहे. मला त्याची खरंच कीव येते, पण नियम इंग्लंडातला आहे, माझ्या हातात नाही.

लाईट नव्हती, नेटवर्क नव्हतं, सोयाबीनच्या राशीवर होतो. सवलत?

वरचंच उत्तर.

येळवशीच्या दिवशी ट्रान्सफर (खेळाडू बदलणं) का बंद ठेवल्या होत्या?

कुणी बंद ठेवल्या नव्हत्या. येळवस ३० डिसेंबरला होती आणि त्या आठवड्याची डेडलाइन आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला. त्या वेळी अर्ध्या लीगच्या घरात भज्जीसाठी भाज्या निवडणं आणि आंबील लावणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी कोपीपाशी बसून उंडे खाताना लक्षात आलं की कुणीच काही बदललेलं नाही. २९ ला लिव्हरपूलनं वेस्ट हॅमला ५-० हरवलं होतं, त्यामुळे कुणाचं फार बिघडलं नाही. बाहेरगावच्यांसाठी: येळवस म्हणजे दर्शवेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गाव रिकामं आणि रान भरलेलं असतं. त्या दिवशी फोन केला तर कुणी उचलणार नाही.

उणे चार म्हणजे काय? ते घ्यावं का?

दर आठवड्याला एक ट्रान्सफर फुकट. वापरली नाही तर साठते, जास्तीत जास्त पाचपर्यंत. त्यापलीकडे प्रत्येक ट्रान्सफरला चार पॉइंट कापतात.

घ्यावं का, हे मला विचारू नका. मी घेत राहिलो. एक खेळाडू जखमी झाला की दोन बदलायचे, मग तिसरा तिथे बसत नाही म्हणून तोही. उणे आठ तर मला नित्याचंच झालं होतं. सीझनच्या शेवटी बेरीज केली तेव्हा कापलेल्या पॉइंटमध्ये माझे चार नंबर गेले होते.

दोघांचे पॉइंट सारखे झाले तर?

ज्यानं कमी ट्रान्सफर केल्या तो वर. म्हणजे बरोबरी झाली असती तरी मॅडमच वर राहिल्या असत्या.

यात पैसे लावता का?

नाही. कधीच लावले नाहीत आणि लावणारही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला. त्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तेव्हा तीन घरांतून बायकांचे फोन आले की आता हेही बंद होणार ना. आवाजात आशा होती. वाईट वाटतं सांगायला, पण फुकट खेळायला हरकत नाही.

शेवटच्या नंबरवर कोण होतं?

पैसे नसले तरी दंड आहे: शेवटच्यानं सगळ्यांना केशर आंबा खाऊ घालायचा. मे अखेरीस सीझन संपतो, आंबाही तेव्हाच असतो. त्या सीझनला दंड माझ्या सख्ख्या भावाला पडला. त्याच्या टीममध्ये ऑक्टोबरपासून जखमी असलेला एक डिफेंडर मेपर्यंत होता. म्हणाला, "बरा होईल म्हणून वाट बघत होतो." पेटी त्यानं आणली, पण वरच्या थराखाली कच्चे निघाले. त्यावर वेगळी पंचायत बसली होती.

२०२५-२६ च्या सीझनमध्ये काय बदललं?

चार गोष्टी लक्षात ठेवा.

चिप आता दोन-दोनदा मिळतात, पण पहिला संच १९व्या आठवड्याच्या डेडलाइनआधी वापरायचा, नाहीतर वाया. दाजी, हे तुमच्यासाठी.

डिफेंडरनं एका मॅचमध्ये टॅकल, इंटरसेप्शन, ब्लॉक आणि क्लिअरन्स मिळून १० केले की २ पॉइंट. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला बॉल परत मिळवणंही धरतात, पण आकडा १२ लागतो. गोल न मारता राबणाऱ्यांना शेवटी मजुरी मिळाली म्हणायची.

आफ्रिका कप (तिथल्या देशांची फुटबॉल स्पर्धा) डिसेंबर २०२५-जानेवारी २०२६ मध्ये होता आणि सालाह इजिप्तकडून गेला. म्हणून १६व्या आठवड्यात सगळ्यांच्या फुकट ट्रान्सफर पाचपर्यंत भरून मिळाल्या. सीझनच्या सुरुवातीला सालाह १४.५ ला होता, हालांड १४ ला. एम्ब्यूमो मँचेस्टर युनायटेडला गेलाय, इसाक लिव्हरपूलला.

असिस्टंट मॅनेजर ही चिप काढून टाकली. कुणाला तिची आठवणही येत नाही.

मॅडम या वर्षी कुणाला कॅप्टन करणार?

विचारलं होतं. म्हणाल्या, शाळेच्या पोषण आहाराच्या नोंदी भरून झाल्या की सांगते.

मध्येच लीगमध्ये येता येतं का?

येतं. पण तुम्ही टीम काढाल त्या आठवड्यापासूनचेच पॉइंट धरले जातील, मागचे मिळणार नाहीत. कोड माझ्याकडे आहे. फोन करा, फक्त शनिवारी दुपारी तीन ते साडेतीन करू नका. तेव्हा मी उणे आठ घ्यायचं की बारा, यात असतो.